दोनशे चौदातली आडजात झाडं

“निकुरे, हे एवढंच हिरवं कसं राहिलं हो?”

खासनीस साहेबांनी जीप थांबवून बोट समोर केलं. तोंडातला खर्रा, आमच्याकडची घोटलेली तंबाखू-सुपारी, गालात दाबून मी बाहेर बघत राहिलो, जसं काही ते हिरवं मलाही आजच दिसलं होतं.

नवरात्राचे दिवस होते. त्या वर्षी अळीनं आमच्या रेंजमधला साग पार खाल्ला होता. ही अळी सागाच्या पानाच्या फक्त शिरा सोडते, पानाची जाळी करून टाकते. लांबून बघितलं तर अख्खं रोपवन करपल्यासारखं तांबडं दिसतं. दोनशे बारा नंबरचा कक्ष तांबडा, दोनशे तेरा तांबडा, रस्त्याच्या पलीकडचा सगळा तांबडा. आणि मध्ये माझ्या बीटातला कक्ष क्रमांक दोनशे चौदा, हिरवागार.

मी तेव्हा वनरक्षक होतो. आमच्या चंद्रपूरकडं लोक त्याला नाकेदार म्हणतात. खासनीस साहेब आमचे नवे रेंजर. पुण्याकडचे, तरुण, दोन महिन्यांपूर्वी आलेले, आणि वाईट खोड म्हणजे जीपमधून खाली उतरणारे. आधीचे साहेब रस्त्यावरून बघायचे, मान हलवायचे आणि चहाला जायचे. तशा साहेबांबरोबर नोकरी सुखाची होते.

“देखभाल, साहेब,” मी म्हणालो. “तण वेळेवर काढलं, जाळरेषा वेळेवर...”

“ते सगळ्यांनीच काढलं असेल. रजिस्टरला इथं शंभर टक्के साग आहे. त्र्याऐंशीची लागवड. शेजारची पण त्याच वर्षाची. मग अळीला हेच का आवडलं नाही?”

“नशीब साहेब, दुसरं काय.”

“नशीबबिशीब मला सांगू नका, निकुरे. उद्या विरळणीचं मार्किंग आहे ना इथं? मी स्वतः येतो.”

आता खरं काय ते सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

त्र्याऐंशी साली मला नोकरीला लागून दुसरं वर्ष होतं. सागाची लागवड जडीनं करतात. वर्षभराचं रोप उपटायचं, मूळ आणि बोटभर खोड ठेवायचं, बाकी छाटायचं. ती जडी ओल्या गोणपाटात सावलीला ठेवली तर आठवडाभर टिकते. उन्हात पडली तर संपली. हे मला ठाऊक नव्हतं का? पाठ होतं. पण ज्या सकाळी ट्रॅक्टरनं जड्यांची पोती आली त्याच सकाळी घरून निरोप आला, मुलगी बघायला ये. मी पोती पळसाच्या सावलीत उतरवून घेतली, हवालदारासारखा हुकूम सोडला, “कोणी हात लावायचा नाही!” आणि सायकल काढून गेलो. तीन दिवसांनी आलो. सावली फिरते एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कोणी हात लावला नव्हता, आणि पाऊसही नेमका तेवढे तीन दिवस दडी मारून बसला होता. मुलीनंही नकार दिला, ते वेगळंच.

तशाच जड्या लावल्या. महिन्याभरात रस्त्याकडेच्या ओळी फुटल्या, कारण तिथल्या जड्या खालच्या, उन्हापासून वाचलेल्या पोत्यांतल्या होत्या. आतल्या निम्म्या फुटल्याच नाहीत. रोपवनात मेलेल्या रोपाच्या जागेला नांगी म्हणतात, आणि नांग्या भराव्याच लागतात. पुन्हा जड्या मागायच्या तर आधीच्या का मेल्या हे सांगावं लागणार. मी डोक्याला हात लावून बसलो होतो तेव्हा पार्बताबाई म्हणाली, “मी भरून देते जी नांग्या. नाल्यापलीकडं गंज सारे रोपटे उगवले आहेत.”

पार्बता कुमरे. आमच्या नर्सरीतली रोजंदारीवरची बाई. मी म्हणालो, “काहीबी लाव बाई, हिरवं दिसलं म्हणजे झालं.” तिनं आणि चार बायांनी पंधरा दिवस जंगलातून रोपं खणून आणली आणि लावली. काय लावलं ते मी बघितलंसुद्धा नाही. रजिस्टरमध्ये मी लिहिलं: साग, जिवंत शंभर टक्के. आणि तिला बजावलं, कुठं बोलायचं नाही.

“नाई बोलत,” ती म्हणाली. बारा वर्षं बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं दोनशे चौदात शिरलो. पुढं साहेब वही घेऊन. मग आमचा मजूर डोमाजी कुऱ्हाड घेऊन, झाडाच्या सालीला खाच पाडायला. मग मी, त्या खाचेवर खात्याचा शिक्का ठोकायला हातोडा घेऊन. आणि शेवटी पार्बताबाई, हातात डांबराचा डबा आणि ब्रश. तोडायच्या झाडावर नंबर घालायचं काम तिचं.

आत गेल्यावर साहेब थबकले. रस्त्याकडून निव्वळ साग दिसायचा, आत सगळी सरमिसळ होती. सागाला लागून बहेडा, पुढं चार, म्हणजे ज्याची चारोळी खातो ते झाड, मग आवळा, जांभूळ, धावडा, मोह. आमच्या खात्यात साग तो साग, बाकी सगळ्याला एकच नाव, आडजात. कोतवाल पक्षी बहेड्याच्या फांदीवरून सुटायचा, सागाच्या पानावर झडप घालायचा आणि परत येऊन बसायचा. वटवट्या पाखरांची तर जत्रा भरली होती. बुंध्यांवरून मुंग्यांच्या रांगा चालल्या होत्या.

“हे एवढं आडजात कुठून आलं?”

“आपोआप उगवलं साहेब. नाल्याकडून बी आलं असंल.”

“हं.” त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. “म्हणजे सागाला बारा वर्षं एवढी गर्दी सोसावी लागली, तरी अळी लागली नाही. निकुरे, हे बी वेगळं आहे! ह्या सागाच्या अंगातच काहीतरी आहे. आधी हे आडजात सगळं काढा, सागाला मोकळं करा. आडजात एकही ठेवायचं नाही.”

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. नुसता आनंद नाही, उड्या माराव्याशा वाटल्या. ते आडजात आपोआप उगवलेलं नव्हतं, दोन दोन मीटरवर दोरी लावून सरळ ओळीत उभं होतं. साहेबांनी एकदा मान वाकडी करून ओळीच्या रेषेत बघितलं असतं तर बारा वर्षांचं बिंग तिथंच फुटलं असतं. आता ते स्वतःच पुरावा तोडा म्हणत होते. महिन्याभरात बुंधेसुद्धा दिसले नसते. माझी वनपालाची बढती तोंडावर आली होती.

“चल डोमाजी, मार!” मी ओरडलो.

एक नंबर बहेडा. खाच पडली, मी शिक्का ठोकला, पार्बताबाईनं खाली बसून डांबरानं १ काढला. दोन नंबर चार. तीन नंबर आवळा. मी भराभर चाललो होतो. साहेब ओळीच्या तोंडाशी येताहेत असं वाटलं की मी मुद्दाम मध्ये उभा राहायचो, हे दाखव, ते दाखव, साहेब इकडं काटे आहेत, साहेब तिकडं साप असतो. खर्रा दुप्पट झाला होता. डोमाजी म्हणाला, “नाकेदार साहेब, जरा दम घेऊ द्या की, झाडं का पळून चालले आहेत?”

आणि ही बाई काही बोलत नव्हती. मी शिक्का मारायचो आणि तिच्याकडं बघायचो. ती ब्रश बुडवायची, थेंब निथळू द्यायची, आकडा काढायची. सुबक आकडा, वर शेंडी, खाली वळण. तिला लिहिता येत नव्हतं, पण आकडे ती छापल्यासारखे काढायची. एकवीस. बावीस. तेवीस. मला तिचा राग यायला लागला. अगं काहीतरी बोल ना! निदान हळहळ तरी! पंधरा दिवस पावसात कंबर मोडून लावलेली झाडं आहेत तुझी!

दुपारी साहेब डबा घेऊन जीपकडं गेले. मला एका जागी बसवेना. पार्बताबाई जांभळाखाली भात आणि अंबाडीची भाजी खात होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“तुला काहीच वाटत नाही का गं?”

“का वाटाचं?”

“तुझी झाडं आहेत ही.”

“माझी कशी? सरकारची आहेत.” तिनं घास गिळला. “वाटते ना. काहून नाई वाटन? पण यादीत नाव आहे जी माझं.”

मी विसरलो होतो. रोजंदारीच्या मजुरांना कायम करायची यादी निघाली होती, आणि त्यावर खासनीस साहेबांची सही व्हायची होती.

“सव्वीस वर्सं रोजी केली,” ती म्हणाली. “दिवाळीच्या मागून कायम करते म्हणते. म्हातारपणी पेन्शन भेटते. तुम्ही तोंड उघडलं तर सागाच्या रोजीवर मी जांभूळ लावला असं होते. हजेरीवर आंगठा कोणाचा? माझाच ना? गुमान राहा. झाडाचं का आहे, अजून लावीन.”

“मी कुठं तोंड उघडतोय?” मी म्हणालो. मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही.

दुपारनंतर साहेब फार खुशीत परत आले. त्यांच्या डोक्यात जेवताना काहीतरी शिजलं होतं.

“निकुरे, मी आज वर पत्र लिहिणार आहे. तुमच्या नावानिशी. ह्या सागाचं बी गोळा करायचं. पुढच्या पावसाळ्यात नाल्यापलीकडचं मिश्र जंगल आहे ना, ते साफ करून तिथं हाच साग लावू. नुसता साग. पन्नास हेक्टर. मग त्याच्या पुढचे पन्नास.”

“नाल्यापलीकडचं?” मी विचारलं.

“हो. सगळं आडजात तर आहे तिथं.”

डोमाजीनं कुऱ्हाड उचलली. सदुसष्ट नंबरचं झाड होतं. मी हातोडा उचलला आणि तो उचललेलाच राहिला. नाल्यापलीकडूनच तर पार्बताबाईनं ही सगळी रोपं आणली होती. पोत्यांवर ऊन आलं म्हणून मी थाप मारली होती, आणि ती थाप आता शंभर हेक्टर जंगल खाणार होती. आणि नुसता साग म्हटल्यावर पाच वर्षांनी तिथंही पानांची जाळी होणार, हे मला कळत होतं आणि त्या हुशार माणसाला कळत नव्हतं, कारण मी त्याला कळू दिलं नव्हतं. माझा हात दुखायला लागला.

“मारा की,” साहेब म्हणाले.

“साहेब, बी वेगळं नाही.”

“काय?”

“बी तेच आहे. दोनशे बाराचं, दोनशे तेराचं, सगळ्यांचं एकच. आडजात आपोआप आलेलं नाही. लावलेलं आहे.” आणि मग मी थांबलोच नाही. जड्या, पळस, मुलगी बघायला गेलेलो तेसुद्धा, सगळं भडाभडा ओकून टाकलं. “या इकडं. असं उभं राहून बघा.”

साहेब माझ्या जागी येऊन उभे राहिले. ओळीत बघितलं. साग, बहेडा, साग, आवळा, चार, साग. टोकापर्यंत सुतात. त्यांनी वही मिटली.

“तुम्हाला कळतंय का निकुरे, तुम्ही काय सांगताय? बारा वर्षं खोटी नोंद. मला चौकशी लावावी लागेल.”

“लावा साहेब.”

“लावलं कुणी?”

पार्बताबाई मागं डबा धरून उभी होती. तिनं मान हलवली, एवढीशी, नाही म्हणून.

“मीच,” मी म्हणालो.

“झाडं निवडली कुणी?”

“मीच.”

“मग सांगा.” साहेबांनी वहीचं कोरं पान काढलं. आवाजात राग होता, पण डोळे झाडांवरच फिरत होते. “अळी ह्याच्यामुळं थांबली असेल तर मला मार्किंग रद्द करून तसं वर लिहावं लागेल. ‘आडजात’ एवढंच लिहून कोणी ऐकणार नाही. कोणतं झाड, कुठं, का लावलं. नसेल सांगता येत, तर तुम्ही ही झाडं वाचवायला काहीतरी रचून सांगताय असं मी समजेन, आणि मार्किंग पुढं चालू. हे कोणतं?”

“बहेडा.”

“इथंच का?”

मला काय डोंबल माहीत? “सावली... सावलीसाठी साहेब.”

“कुणाला सावली? आणि हे, ह्या खोलगट जागेतलं?”

मी त्या झाडाकडं बघितलं. गोल पान, सरळसोट बुंधा. चौदा वर्षं जंगलात नोकरी केली, पण सागाखेरीज मी कशाकडं धड बघितलं होतं?

“कळम साहेब. कळम आहे. इथं... मोकळी जागा होती म्हणून लावला.”

साहेबांनी पेन बंद केलं. “डोमाजी, सदुसष्ट नंबर घ्या.”

“हळदू आहे जी तो.”

पार्बताबाईनं डांबराचा डबा खाली ठेवला होता. पदराला हात पुसत ती पुढं आली.

“कळम त्याच्या खालती आहे, तो पाहा. इथं पाणी थांबते जी, सागाची मुळी सडते. जडी जिवंत असती तरी मेली असती. म्हणून पाण्याच्या काठाले कळम, त्याच्या वर हळदू, मंग जांभूळ. तिकडं मुरमाड आहे, तिथं चार न् धावडा. बहेडा सावलीसाठी नाई. बहेडा लवकर वाढते, त्याच्यावर पाखरं बसतात.”

साहेब तिच्याकडं बघत राहिले. “सागावर नाही बसत?”

“बसतात. पण सागात त्यायले फळ नाई, आडोसा नाई. खाल्लं का उडून गेले. इथं राहतात.” तिनं बहेड्याच्या बुंध्यावर हात ठेवला. “मले तेव्हा अळीचं ठाऊक नव्हतं जी, खोटं नाई बोलत. जे मेलं तिथं जे जगन ते लावलं. पण नुसता साग म्हंजे अळीची पंगतच बसते, पत्रावळीले लागून पत्रावळ. इथं मधातल्या पत्रावळी तिच्या कामाच्याच नाईत.”

“किती जाती लावल्या?”

तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं. “एकोणीस.”

“बाई, नाव काय तुमचं?”

“पार्बता गोसाई कुमरे,” ती म्हणाली.

साहेबांनी पेन पुन्हा उघडलं. संध्याकाळपर्यंत ती पुढं आणि ते मागं, असे दोघं अख्ख्या दोनशे चौदात फिरले. मी हातोडा खांद्यावर टाकून त्यांच्या मागं जात होतो आणि मला कोणी काही विचारत नव्हतं.

मार्किंग रद्द झालं. नाल्यापलीकडचं जंगल कोणी साफ केलं नाही. माझी चौकशी झाली, दोन वेतनवाढी गेल्या, बढती सहा वर्षं लांबली. साहेब माणूस सरळ होता, आणि सरळ माणूस सगळीकडंच सरळ चालतो. दिवाळीनंतर कायम मजुरांची यादी आली. पार्बताबाईसारख्या चौकशीत नाव आलेल्यांना तीत जागा नव्हती. साहेबांनी तिच्यासाठी वर दोन पत्रं लिहिली. काही झालं नाही. ती साठीपर्यंत रोजंदारीवरच राहिली.

यादी आली त्या दिवशी मी नर्सरीत गेलो. ती मांडी घालून पिशव्यांत माती भरत होती. तिला कोणीतरी आधीच सांगितलं होतं. मला वाटलं होतं ती रडेल, मला शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“काहून बोललीस तू?” मीच तिच्यावर ओरडलो. माझा आवाज फाटला, लाज वाटली, पण थांबवेना. “मी माझ्यावर घेतलं होतं ना? मीच लावली म्हणालो होतो ना? चार झाडं गेली असती तर गेली असती! तूच म्हणालीस ना, अजून लावीन? मग?”

तिनं हातातली पिशवी भरली, ठोकून माती खाली बसवली आणि रांगेत ठेवली.

“गुमानच राहणार होती जी मी,” ती म्हणाली. “पण तुम्ही माझ्या हळदूले कळम म्हणलं. मले ऐकवलं नाई.”